नकाराची मुदत

व्यापारी घराचे वर्ष वहीवर चालते. बंदराच्या गावाचे वर्ष वाऱ्यावर. कोकणातील लहानसहान बंदरांत मे महिना सरत आला की एक मोठे दुकान जणू आपली फळी ओढून घेते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होडी दर वर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद असते. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही सरकारी बंदी असते, कारण तो जलचरांच्या प्रजननाचा काळ. होड्या वाळूत ओढून घेतल्या जातात, त्यांची यंत्रे उतरवून घरी नेली जातात, वरून आच्छादन बांधले जाते. मुंबईहून कोकणच्या बंदरांना आगबोटी लागत, त्या काळीही पावसाळ्यात ही वाहतूक थांबत असे. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार, म्हणून साधु-साध्वींनी चार महिने एका जागी राहावे, हा नियम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला पाहिला आहे, त्या घरांना समुद्राचा हा विराम फारसा परका वाटू नये.

समुद्राशी व्यापाऱ्याचे नाते जुने, आणि ते नेहमीच जोखमीच्या हिशेबाचे. किनाऱ्यावरच्या व्यापारात पूर्वी ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल गलबतावर चढला की पाठवणारा व्यापारी तो माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही आणि ती सराफाला विकून रोख रक्कम उचली. अट एकच असे: गलबत माल घेऊन सुखरूप पोहोचले तर हुंडी वटायची, वाटेत बुडाले तर सराफाची रक्कमही त्याबरोबर बुडायची. म्हणजे सराफ एकाच कागदावर सावकारही होई आणि विमा उतरवणाराही. असा कागद हातात घेण्यापूर्वी गलबत कोणाचे, तांडेल कोण आणि ऋतू कोणता, हे विचारल्यावाचून त्याचे भागत नसणार. कोणत्या दिवशी ‘नाही’ म्हणावे, हे ज्याला कळले तो टिकला.

ही सगळी पार्श्वभूमी बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याला पुस्तकी का होईना, ठाऊक होती. आजोबांच्या काळातील बासनात बांधलेल्या वह्या त्यांनी तरुणपणी चाळल्या होत्या आणि हुंडीच्या प्रकारांची नावे त्यांना अजूनही तोंडपाठ होती. मात्र वयाची पासष्टी उलटेपर्यंत ते कधी होडीत बसले नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात नातीच्या सुटीचे निमित्त झाले आणि शेठजी, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात असे पाचजण मालवणला आले. एक होडी तीन दिवसांसाठी ठरवली. पहिले दोन दिवस कर्लीच्या खाडीत गेले. एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे ते देवबाग नातीने डोळे भरून पाहिले. तिसरा दिवस किल्ल्यासाठी राखून ठेवला होता.

सहल सुखाची होती, तरी घरातील एक गोष्ट बार्शीहून सोबत आली होती. मुलाला आडतीच्या जोडीला स्वतःची डाळ मिल टाकायची होती. जागा पाहून झाली होती, यंत्रांचे भाव काढून झाले होते, बँकेने कागदपत्रे मागितली होती. त्यांत शेठजींची जामीनकीची सही हवी होती. चार वर्षे हा विषय निघत होता आणि चार वर्षे शेठजी एकच शब्द बोलत होते: ‘नको’. कधी बाजार मंद आहे म्हणून, कधी निवडणुका आहेत म्हणून, कधी काहीच न सांगता. अलीकडे मुलाने विचारणे सोडले होते. जेवताना दोघे पाऊसपाण्याचे बोलत आणि दुकानात गिऱ्हाइकांचे. आईला ही शांतता भांडणापेक्षा अधिक जड वाटत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे पत्र्यावर पावसाचा ताशा वाजू लागला. एरवी मोसमी पाऊस केरळात १ जूनला येतो. त्या वर्षी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते आणि कोकणात आठवडाभर आधीच आभाळ फुटले होते. तरीही सर्वजण छत्र्या घेऊन धक्क्यावर गेले. समोर कुरटे बेटावर किल्ला होता. पण तो पावसाच्या पडद्याआड कधी दिसे, कधी नाहीसा होई. १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामाला आरंभ झाला, ज्याच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात आणि भोवती खारे पाणी असूनही ज्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, त्या किल्ल्याबद्दल नातीने शाळेत वाचले होते. एरवी होडीने दहा-पंधरा मिनिटांचे अंतर.

तांडेल धक्क्यावर होता, पण होडी बांधलेली होती. त्याने दोरीला हातसुद्धा लावला नव्हता.

“एवढासा तर पाऊस आहे,” मुलगा म्हणाला, “भिजलो तर भिजू. दुप्पट भाडे घ्या, पण आज किल्ला दाखवा. उद्या आम्हाला निघायचे आहे.”

तांडेलाने डोक्यावरचे प्लास्टिक मागे सारले. “पैसो कोणाक नको, शेठ? पण आज मी होडी सोडूचंय नाय.”

मुलाला राग आला. हंगामाचे शेवटचे चार दिवस, त्यात दुप्पट भाडे, आणि हा मनुष्य घरी बसायला तयार! त्याने तसे बोलूनही दाखवले. तांडेल चिडला नाही. त्याने बोट करून समुद्र दाखवला आणि आपल्या बोलीत सावकाश कारणे सांगितली. पावसाला तो भीत नव्हता. पाऊस वरून पडतो, होडी खालून उलटते. वारा नैर्ऋत्येचा लागला होता. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरतीला फारसा जोर नसायला हवा. तरीही पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागत होते, याचा अर्थ दूर समुद्रात काहीतरी उठले होते आणि त्याच्या लाटा इथपर्यंत पोहोचत होत्या. किल्ल्याच्या वाटेवर पाण्याखाली खडक आहेत. शांत पाण्यात ते कुठे आहेत हे पाण्याच्या रंगावरून कळते. आज सगळे पाणी एकाच रंगाचे होते. आणि एकदा तिथे पोहोचलो तरी किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी वरखाली होत असताना वयस्कर माणसाने पाय कुठे ठेवायचा?

नात इतका वेळ ऐकत होती. तिने सरळ विचारले, “मग कधी सोडणार?”

त्या प्रश्नाचे उत्तर देताना तांडेलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. वारा दोन दिवस पडला आणि बंदर कचेरीने मना केले नाही, तर २५ तारखेपर्यंत. नाहीतर मग थेट श्रावणानंतर. नारळी पौर्णिमेला किल्ल्यातून मानाचा नारळ समुद्राला अर्पण होईल, मग मालवणचे व्यापारी आपला नारळ सोडतील, तेव्हापासून दर्या निवू लागेल. १ सप्टेंबरला परवाना पुन्हा सुरू झाला की पहिली होडी तिची. एवढे सांगून त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि तिसऱ्या दिवसाची आगाऊ रक्कम शेठजींपुढे धरली.

शेठजींनी ती घेतली नाही. “राहू द्या. आमचे येणे तुमच्याकडे,” एवढेच ते म्हणाले. तांडेलाला ते पटले. देण्याघेण्याची भाषा दोघांचीही एकच होती.

परतताना पाऊस वाढला म्हणून सगळे बाजारपेठेतील एका किराणा दुकानाच्या पडवीत थांबले. दुकानात लगबग होती. कोकणात पावसाळ्यापूर्वी बेगमी भरण्याची रीत आहे. चार महिने पुरेल असे धान्य, डाळी, मीठ, तिखट घरात आले पाहिजे. पाऊस आठ-दहा दिवस आधी आल्यामुळे ज्यांची बेगमी राहिली होती ते सगळे एकदम धावले होते. दुकानाच्या मागच्या बाजूला अंगणात वाळत घातलेली आमसुले घाईघाईने आत आणून पोत्यांवर पसरली होती आणि त्यांचा आंबट वास सगळीकडे भरला होता. शेठजींनी सवयीने तूरडाळीच्या पोत्यात हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला. माल घाटावरचा आहे हे त्यांना सांगावे लागले नाही. दुकानदाराने ते पाहिले आणि लगेच आपुलकीने स्टूल पुढे केले.

तेवढ्यात एक वृद्ध स्त्री सामान घेऊन गेली. पैसे दिले नाहीत. दुकानदाराने वहीत टिपून ठेवले. शेठजींनी कुतूहलाने विचारले, “मुदत काय?”

“चतुर्थी,” दुकानदार म्हणाला. गणपतीला मुंबईहून मुले घरी येतात, तेव्हा बहुतेकांची बाकी फिटते. ज्याची फिटत नाही तो स्वतः येऊन सांगतो आणि पुढची मुदत मागतो. न सांगता बसणाऱ्याची उधारी मात्र पुढच्या वर्षी बंद. व्याज नाही, कागद नाही. पण मुदतीवाचून वहीत एकही नाव नाही. शेठजी पुढे काही बोलले नाहीत. पाऊस ओसरेपर्यंत ते पडवीतून रस्त्यावरचे लाल पाणी पाहत बसले.

दुपारी वीज गेली. थोड्या वेळाने फोनही मुके झाले. ज्या घरात मुक्काम होता तिथल्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले होते की कांदा-लसूण चालत नाही, बटाटा चालत नाही, मग काय चालते? त्या प्रश्नाने त्या गोंधळल्या नाहीत. चुलीवर घावणे झाले. काजूगर भिजवून नारळाच्या वाटपातली उसळ झाली, लसणीवाचून कोकमाचे सार झाले आणि नातीसाठी तांदळाचे शिरवाळे, वर गूळ घातलेला नारळाचा रस. शेठजींच्या पत्नींचा चौविहार असतो. आकाशात सूर्याचा पत्ता नव्हता. चार वाजताच दिवे लावावेसे वाटत होते. त्यांनी पंचांगातील वेळ काढली. सूर्यास्त सातच्या सुमारास होता, पण त्यांनी साडेपाचलाच पाने मांडायला सांगितली. “दिसत नाही म्हणून मावळला नाही असे कसे धरायचे?” त्या म्हणाल्या. काकींनाही ते आवडले. आपल्याकडेही, त्या म्हणाल्या, तांडेल दिसत नसलेल्या खडकालाच जास्त मान देतो.

जेवणे लवकर आटोपली आणि पुढे लांबलचक संध्याकाळ पसरली. दूरचित्रवाणी नाही, फोन नाही, बाहेर पडायला जागा नाही. व्यापारी कुटुंबात असा वेळ क्वचित येतो. दुकान रात्री नऊला बंद होते, मग रोजमेळ, मग झोप. पिता-पुत्र दिवसाचे बारा तास एकाच गादीवर बसतात, आणि तरीही एकमेकांसमोर मोकळे असे ते कधी बसतच नाहीत. त्या दिवशी मेणबत्तीच्या उजेडात दोघे ओसरीवर बसले होते. नात आजीच्या मांडीवर झोपून गेली होती.

बराच वेळाने मुलगा म्हणाला, “तांडेलाचा सकाळी राग आला होता. नंतर वाटले, त्याचे बरोबर होते.”

“त्याचेही नुकसान झाले,” शेठजी म्हणाले. “आपल्यापेक्षा जास्त.”

पुन्हा पावसाचाच आवाज. मग मुलाने, आवाज न चढवता, नातीचाच प्रश्न विचारला. “बाबूजी, तुम्ही चार वर्षे मिलला नको म्हणता. मी भांडत नाही. पण मग कधी?”

शेठजींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांच्या नकाराला कारणे नव्हती असे नाही. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाने दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून राहते घर गमावले होते आणि तो दिवस शेठजींच्या छातीत अजून ताजा होता. पण ती गोष्ट मुलाला त्यांनी कधी सांगितली नव्हती. मुलाला फक्त ‘नको’ ऐकू येत होते. कारण न कळलेला नकार ऐकणाऱ्याला अपमानासारखा लागतो, आणि मुदत नसलेला नकार जन्मठेपेसारखा. सकाळी धक्क्यावर एका होडीवाल्याने एका दहा वर्षांच्या मुलीला वारा, पाणी, खडक आणि पायरी अशी चार कारणे दिली होती, आणि वर तारीख दिली होती. म्हणूनच ती रडली नव्हती.

त्या रात्री शेठजींनी भावाची गोष्ट सांगितली. सगळी, रकमेसकट. सून आतून येऊन दाराशी उभी राहिली, तरी ते थांबले नाहीत. मग त्यांनी खिशातील छोटी वही काढली आणि मेणबत्तीशी धरून तीन ओळी लिहिल्या. एक, मिलच्या खर्चाचा तिसरा हिस्सा स्वतःच्या भांडवलाचा असावा. दोन, तारण म्हणून दुकान चालेल, राहते घर चालणार नाही. तीन, बाजारात अडकलेली जुनी उधारी निम्म्याहून अधिक वसूल झालेली असावी. खाली लिहिले: दिवाळी पाडवा. त्या दिवशी या तीन ओळी पुन्हा वाचायच्या. तिन्ही जुळल्या तर सही.

मुलाने वही हातात घेतली. तिसऱ्या अटीवर त्याने घासाघीस केली, कारण वसुलीचा आकडा त्याला कडक वाटला. शेठजी हसले. चार वर्षांत पहिल्यांदा ते दोघे या विषयावर बाजारात बोलावे तसे बोलत होते. आकडा थोडा खाली आला, दोघांना मान्य झाला. मेणबत्ती संपायच्या आत शेठजींनी त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक नोंद केली: मालवण, होडी, एक दिवस, येणे. मुदत १ सप्टेंबर.

दुसऱ्या दिवशी ते फोंडा घाटाने परत निघाले. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले; २५ मे रोजी तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडपर्यंत आला आणि २६ मे रोजी मुंबईत, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. तांडेलाने जे दोन दिवस धरून ठेवले होते ते त्याला मिळालेच नाहीत. त्या वर्षी कागदावरची मुदत सुरू होण्यापूर्वीच मालवणच्या होड्या वाळूत चढल्या होत्या.

पावसाळा सरला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तांडेलाने सुनेच्या फोनवर एक छायाचित्र पाठवले: रंग दिलेली होडी, मागे उन्हात लख्ख किल्ला. नातीने ते दुकानातील गणकयंत्राशेजारी चिकटवले. तिची शाळा सुरू असल्यामुळे जाणे नाताळच्या सुटीवर गेले, आणि तसे तांडेलाला कळवण्यात आले. शेठजींनी वहीत जुनी मुदत खोडून नवी लिहिली.

पाडव्याच्या सकाळी वहीपूजन झाल्यावर पिता-पुत्र गादीवर बसले आणि त्यांनी तीन ओळी वाचल्या. पहिली अट पुरी झाली होती. दुसरीवर बँक राजी झाली होती. तिसरी थोडक्यात राहिली होती. तीन मोठ्या गिऱ्हाइकांनी नव्या तुरीच्या हंगामाचा वायदा केला होता. मुलाने आकडे स्वतःच वाचून दाखवले, एकही फुगवला नाही.

“म्हणजे आज नाही,” शेठजी म्हणाले.

“नाही,” मुलगा म्हणाला. “गुढीपाडवा लिहा.”

शेठजींनी लिहिले. मग दोघांनी मिळून त्या तीन गिऱ्हाइकांची नावे काढली आणि कोणाकडे कोणी जायचे हे ठरवले.